मिठातलं गवत, मुळातली बुरशी: कुंडी प्रयोगाच्या नोंदी

१२ नोव्हेंबर

पाऊस ओसरून जमीन वाळायला लागली की शिरोळ तालुक्यातल्या काळ्या रानांत मीठ वर येतं. आज नमुने घेतले ते रान पंचगंगेपासून लांब नाही. उपसा सिंचनाचं पाणी, पिढ्यानपिढ्या ऊस, पाणी मोकाट आणि निचरा नावापुरता. भूजल वर चढलंय, चिकण माती ते केशाकर्षणाने आणखी वर ओढते, उन्हाने पाणी उडून जातं आणि क्षार वरच राहतात. रानमालक आबांच्या भाषेत ‘मीठफुटी’.

डागाच्या मधोमध काहीही उगवत नाही. पांढरी पापडी, पायाखाली भुसभुशीत. तिच्या भोवती हरळीचं कडं, आणि कड्यापलीकडे गुडघ्याएवढा, पिवळट ऊस. खोलगट ओलीत लव्हाळा. हरळी मिठाला इतकी चिकट आहे हे ठाऊक होतंच. बघायचंय ते हे, की तिच्या मुळांत बुरशी आहे का, आणि असेल तर ती दुसऱ्या गवताच्या कामाला येते का.

आबांचा प्रश्न माझ्यापेक्षा सरळ. “मॅडम, दुकानदार भुकटी इकतोय, म्हणतोय हिच्यातली बुरशी मीठ खाती. खरं हाय व्हय?” म्हटलं, मोजल्याशिवाय सांगणार नाही. हाच प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय.

पिशव्या तीन: पांढरा डाग, हरळीची कड, बरा ऊस. कडेची हरळी मुळांसकट, ओल्या फडक्यात.

१४ नोव्हेंबर

ईसी मोजली, म्हणजे विद्युतवाहकता. क्षार जितके जास्त तितका हा आकडा मोठा. आबांकडच्या माती परीक्षणाच्या कागदावरचा आकडा आणि माझा आकडा जुळत नाही, आणि जुळायलाही नको. कागदावरची ईसी एक भाग माती, अडीच भाग पाणी या मिश्रणातली आहे. पिकं किती मीठ सोसतात याचे तक्ते मात्र संपृक्त लगद्याच्या, म्हणजे माती जेमतेम भिजेल एवढंच पाणी घालून केलेल्या लगद्याच्या, अर्कावर बेतलेले असतात. पाणी कमी म्हणून क्षार दाट. चिकण काळ्या मातीत हा आकडा तिप्पट-चौपटही निघतो. कागदावर ‘मध्यम’ वाचून निर्धास्त झालेले शेतकरी इथे बरेच भेटतात.

लगद्याच्या अर्कात डागावर ११.२ डेसीसायमन्स प्रति मीटर, हरळीच्या कडेला ७ च्या थोडं वर. पीएच ८.३. म्हणजे जमीन क्षारयुक्त आहे, अजून पक्की चोपण (सोडियमने बिघडून घट्ट झालेली) नाही. हे बरं, कारण चोपण असती तर जिप्समचा विषय आधी काढावा लागला असता.

मास आणि हॉफमन यांचा १९७७ चा तक्ता समोर आहे. ऊस १.७ पर्यंत तग धरतो, त्यापुढे दर एककाला उत्पन्न ५.९ टक्क्यांनी घटतं. हरळीची मर्यादा ६.९. उसाचं गणित डागाच्या ईसीला लावलं तर निम्म्याहून कमी पीक यायला हवं. प्रत्यक्षात तिथे कांडी उगवलीच नाही. तक्ता वाढलेल्या पिकाचा आहे, कोंब त्याहून नाजूक. आणि ऊसही गवतच, हे इथल्या भागात मुद्दाम सांगावं लागतं. गवत म्हटलं की लोकांना हरळीच्या काशा (जमिनीतली खोडं) वेचणं आठवतं.

२० नोव्हेंबर

मुळं रंगवली. ट्रायपॅन ब्लू वापरायचं नाही असं ठरवलंय, ते आरोग्याला घातक आणि प्रयोगशाळेत पोरंपोरी आहेत. त्याऐवजी शाई आणि व्हिनेगर, १९९८ पासून माहीत असलेली पद्धत.

काळी माती मुळांवरून सुटता सुटत नाही. रात्रभर पाण्यात, मग बारीक धारेखाली. दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ९० अंशांच्या पाण्यात ठेवलं, मुळं पाण्यासारखी पारदर्शक होईपर्यंत. धुतली, व्हिनेगरमध्ये बुडवली, मग पाच टक्के शाई घातलेल्या व्हिनेगरमध्ये तीन मिनिटं उकळली. शाई साधी, फाउंटन पेनची. प्रयोगशाळाभर लोणच्याचा वास.

चाळीसपट भिंगाखाली आधी नुसतं निळसर धुकं. स्लाइड सरकवत गेलं आणि एका मुळाच्या सालीत, पेशींच्या मधून धावणारे गडद निळे तंतू दिसले, आडव्या भिंती नसलेले. त्यांना मधेमधे तेलाने भरलेले गोल फुगे. मोठं भिंग लावल्यावर आतल्या पेशींत अर्बस्क्यूल: एक तंतू पेशीत शिरून फांद्यांवर फांद्या फोडत गेलेला, फुलकोबीच्या तुऱ्यासारखा भरगच्च. देवघेव इथेच होते. बुरशी स्फुरद (फॉस्फरस) आणि इतर अन्न देते, गवत साखर आणि स्निग्ध पदार्थ देतं. स्निग्ध पदार्थही गवतच पुरवतं हे २०१७ मध्ये पक्कं झालं. ही बुरशी स्वतःची स्निग्धाम्लं घडवू शकत नाही, म्हणून मुळाशिवाय तिचं आयुष्यच नाही. एकेक तुरा मोजके दिवस टिकतो, विरघळतो, शेजारच्या पेशीत नवा येतो.

माझ्याकडची एम.एस्सी.ची विद्यार्थिनी म्हणाली, मॅडम हे नुसतं बघत बसावं. बसलो थोडा वेळ.

लव्हाळ्याचीही मुळं रंगवली. काही नाही. त्या कुळात ही जोडी सहसा जमत नाही, तेव्हा नवल नाही. पण एकाच ओल्या, खारट जागेत एक बुरशीसह आणि एक बुरशीविना असे दोघे जगताहेत. म्हणजे मिठात राहायला बुरशी लागतेच असं नाही. हे विसरायचं नाही.

२ डिसेंबर

सापळा कुंड्या लावल्या, म्हणजे रानातली बुरशी पकडून वाढवायच्या कुंड्या. हरळीच्या कडेची माती आणि बारीक चिरलेली मुळं, दोन थर निर्जंतुक वाळूच्या मधे, वर ज्वारी. ज्वारीच्या मुळांत ही बुरशी चांगली वाढते. स्फुरदाचं खत अजिबात नाही. स्फुरद मुबलक असलं की वनस्पती मुळातून स्ट्रायगोलॅक्टोन हे संकेत देणारं द्रव्य सोडणं आखडते, आणि त्याच हाकेने तर बुरशीचे तंतू मुळाजवळ येऊन फांद्या फोडतात (हे २००५ मध्ये जपानी गटाने दाखवलं). डीएपीची (स्फुरदाच्या खताची) पोती रिचवलेल्या उसाच्या मुळांत बुरशी का विरळ सापडते, त्याचं निदान अर्धं उत्तर इथे आहे.

तीन-चार महिने वाट बघणं आलं. तोवर कारखान्याचा हंगाम, रस्ता ट्रॉल्यांनी भरलेला, रानात जाणं बंदच.

८ जानेवारी

स्थानिक बुरशीवर एवढा भर का, हे प्रस्तावात नीट मांडायला हवं. ‘स्थानिक ते चांगलं’ ही भावना झाली, कारण नव्हे.

माझ्या मनात आहे तो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा प्रयोग. वॉशिंग्टन राज्यातल्या समुद्रकाठच्या लेमस मोलिस या वाळूगवतात फ्युजॅरियम कल्मोरम ही बुरशी राहते. ती काढून घेतली तर गवत खाऱ्या पाण्यात टिकत नाही, परत दिली तर टिकतं. त्याहून मोठी गोष्ट अशी की त्याच जातीची, पण खारट नसलेल्या जागेतून आणलेली बुरशी ही ताकद देत नाही. रॉड्रिगेझ, रेडमन आणि सहकाऱ्यांनी हे २००८ मध्ये छापलं. जात एक, पण जागेने घडवलेला गुण वेगळा. (एरवी फ्युजॅरियम म्हटलं की गव्हाची मूळकूज आठवते. तोच तो.)

दुसरं उदाहरण घरचं. थरच्या वाळवंटातल्या झुडपांच्या मुळांजवळ अजित वर्मांच्या गटाला सापडलेली पिरिफॉर्मोस्पोरा इंडिका, वर्णन १९९८ चं, आताचं नाव सेरेंडिपिटा इंडिका. जर्मनीतल्या गटाने २००५ मध्ये दाखवलं की ती मुळांत असली की सातू मीठ अधिक सोसतो. ती बशीत, वनस्पतीशिवाय वाढते, म्हणून कामाला सोपी. माझी अर्बस्क्युलर (मुळात अर्बस्क्यूल करणारी) बुरशी तशी वाढत नाही. दोन्ही ‘मुळातली बुरशी’ असल्या तरी एकीचे निष्कर्ष दुसरीला चिकटवायचे नाहीत. दुकानातल्या पत्रकांवर हे सर्रास चालतं.

२६ फेब्रुवारी

सापळा कुंड्यांचं पाणी तोडून दोन आठवडे झालेत. ज्वारी सुकली की बुरशी बीजाणू धरते. माती पाण्यात ढवळून एकाखाली एक चाळण्यांतून ओतली, शेवटची चाळणी ४५ मायक्रॉनची. तिच्यावरचं गाळण साखरेच्या पाकात फिरवलं. वर तरंगले ते पिवळे, मधाच्या रंगाचे, काही गडद तपकिरी गोल. बशीत भरपूर. जाती ओळखण्याच्या फंदात पडत नाही, त्याला वेगळा माणूस लागतो.

तुलनेसाठी बाजारातल्या बुरशीच्या भुकटीचं एक पाकीटही तसंच चाळलं. पांढरी भुकटी बहुतेक सगळी धुऊन गेली. बीजाणू आहेत, पण शोधावे लागतात, आणि त्यातलेही बरेच रिकामी टरफलं. गाजराच्या मुळांवर प्रयोगशाळेत ही बुरशी वाढवण्याचं तंत्र देशात आहे, दिल्लीच्या टेरी या संशोधन संस्थेने ते विकसित केलंय, तेव्हा चांगला माल बनू शकत नाही असं नाही. पण हे पाकीट उन्हातल्या दुकानात किती महिने पडून होतं कोण जाणे.

५ मार्च

मांडणी ठरली. गवत मारवेल. बांधावरचं, जनावरं आवडीने खातात, ठोंबापासून लागतं, आणि आबांना उपयोगाचं. हरळीवर प्रयोग केला असता तर त्यांनी मला रानात पाऊल ठेवू दिलं नसतं.

माती आणि नदीची वाळू निम्मी-निम्मी, एक दिवस सोडून दोनदा ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेत उकडून निर्जंतुक), मग पंधरवडा तशीच. उकडलेल्या काळ्या मातीत मँगनीज एकदम मोकळं होतं, ताजीच वापरली तर ठोंब त्यानेच पिवळे पडतात.

चार गट. पहिला, बुरशी नाही. दुसरा, पाकिटातली. तिसरा, हरळीच्या कडेची. चौथा, बुरशी नाही पण स्फुरद वाढवून. प्रत्येक गट गोड्यात आणि मिठात, प्रत्येकी सहा कुंड्या.

चौथ्या गटावर सहकाऱ्यांनी भुवया उंचावल्या. मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. चुनखडीच्या काळ्या मातीत स्फुरद कॅल्शियमशी बांधला जातो, मुळाच्या आसपासचा एक-दोन मिलिमीटरचा पट्टा रिकामा होतो, आणि बुरशीचे तंतू त्या पट्ट्यापलीकडे कित्येक सेंटिमीटर जाऊन तो आणतात. म्हणजे बुरशीचं गवत मिठात बरं दिसलं तरी ते नुसतंच चांगलं पोसलेलं असू शकतं. मिठाशी त्याचा काही संबंध नसेल. मग बुरशी कशाला, खताची पिशवी पुरे. हा फरक न तपासता काढलेले निष्कर्ष मला पटत नाहीत.

बुरशी न दिलेल्या कुंड्यांत सापळा मातीचं गाळलेलं पाणी घातलं. जिवाणू येतात, बीजाणू गाळण्यावर अडतात. जिवाणूंचं श्रेय बुरशीला जायला नको. तरी पूर्ण बरोबरी होत नाही, हे मान्य.

कुंड्यांना ताटल्या. खाली झिरपलेलं पाणी परत त्याच कुंडीत. आत गेलेलं मीठ बाहेर जाता कामा नये.

२८ मार्च

ठोंब लागले. मोजक्या मुळांचे तुकडे रंगवून बघितले, बुरशी आत शिरलेली आहे. आता मीठ सुरू. एकदम नाही, पाण्यातून थोडं थोडं, ईसी ८ पर्यंत. मीठही नुसतं खायचं नाही: सोडियमचं क्लोराइड आणि सल्फेट, सोबत थोडं कॅल्शियम, मॅग्नेशियम, शिवारातल्यासारखं.

आधी बुरशी, मग मीठ हा क्रम मुद्दाम. बीजाणू खारट पाण्यात उशिरा उगवतात आणि त्यांचे तंतू खुरटतात. बुरशीलाही मीठ बाधतंच, ती काही समुद्रातून आलेली नाही.

१९ एप्रिल

मिठाच्या पहिल्या दिवसांत सगळेच गट सारखे मरगळले. अपेक्षित होतं. सुरुवातीचा मार तहानेचा असतो: मातीतलं पाणी खारट, मुळाला ते ओढताना जोर पडतो, पाती गुंडाळतात. तिथे बुरशीने फरक पडलेला डोळ्यांना तरी दिसला नाही.

दुसरा मार आता दिसायला लागलाय. सोडियम पानांत साठतोय. पहिल्या गटात जुन्या पात्यांची टोकं करपली, कडेने तपकिरी रेघ खाली उतरतेय. तिसऱ्या गटात करपा आहे पण टोकापुरता. पाकिटाचा गट आणि स्फुरदाचा गट मधे कुठेतरी, त्यांच्यात निवड करता येत नाही.

६ मे

हिरव्या जाळीखाली ४१ अंश. पाणी दोन वेळा. बाकी काही नाही.

२४ मे

कापणी. पाती, खोड, मुळं वेगळी, ६५ अंशांवर सुकवून वजन.

मिठातल्या कुंड्या: सगळ्यांत हलका पहिला गट. त्याहून स्पष्टपणे जड चौथा, आणि दुसरा त्याच्या बरोबरीने. तिसरा सगळ्यांत वर, आणि कुंड्याकुंड्यांतला चढउतार धरूनही वेगळा दिसतो. गोड्यातल्या कुंड्या: चौथा गट वर, बुरशीचे दोन्ही त्याच्या खाली. जिथे अन्न हाताशी आहे तिथे बुरशी पोसणं हा गवताला खर्चच. त्याच्या साखरेचा चार ते वीस टक्के हिस्सा बुरशीकडे जातो. पत्रकात ही ओळ कोणी छापणार नाही.

मुळांत बुरशीचा पसारा गोड्यात जास्त, मिठात कमी, दोन्ही गटांत. पण कडेची बुरशी मिठातही निम्म्याहून अधिक मुळांत होती, पाकिटातली पाव हिश्श्यातही नाही. हा फरक बुरशीच्या गुणाचा की पाकिटात जिवंत बीजाणू कमी होते त्याचा, हे या मांडणीवरून सांगता येणार नाही. पुढच्या वेळी दोन्हीकडचे जिवंत बीजाणू मोजून, सारखे करून द्यायचे.

३० मे

पात्यांची भुकटी आम्लात विरघळवून फ्लेम फोटोमीटरवर. सोडियमने ज्योत पिवळीधमक होते, पोटॅशियमची जांभळट ज्योत तिच्यासमोर डोळ्यांना दिसतच नाही. फिल्टर लावून मोजायची.

मला वाटलं होतं कडेच्या बुरशीच्या गवतात सोडियम ठळक कमी निघेल. निघाला, पण जेमतेम. ठळक होतं ते पोटॅशियम: तिसऱ्या गटात बरंच जास्त. चौथ्या गटात, म्हणजे स्फुरद भरपूर मिळालेल्या गवतात, तसं नाही. तेव्हा निदान एवढा परिणाम नुसत्या स्फुरदाचा नाही.

हे समजण्याजोगं आहे. सोडियम आणि पोटॅशियम दिसायला जुळे, मुळातल्या काही वाटांवर पोटॅशियमच्या जागी सोडियम घुसतो. पेशीतली कितीतरी विकरं पोटॅशियमवरच चालतात, सोडियम आला की अडतात. म्हणून पानात सोडियम एकटा किती, यापेक्षा पोटॅशियमच्या मानाने किती, हे महत्त्वाचं. २०११ मध्ये खारट जागेतल्या याच प्रकारच्या बुरशीच्या बीजाणू-तंतूंमधली मूलद्रव्यं मोजली गेली तेव्हा त्यांत पोटॅशियम, कॅल्शियम साठवलेलं आणि सोडियम दूर ठेवलेला आढळला. म्हणजे मुळाकडे जाणारा माल वाटेतच निवडला जातो. पाण्याच्या वाटा, प्रोलीन, ऑक्सिडीकरणाविरुद्धची विकरं यांवरही बुरशीचा परिणाम होतो असं इतरांनी दाखवलंय. माझ्याकडे ते मोजायची सोय नाही, म्हणून त्याबद्दल गप्प.

२ जून

आबांच्या प्रश्नाचं उत्तर आज. कापणीनंतरच्या मातीची ईसी, सगळ्या मिठाच्या कुंड्यांची, लगद्याच्या अर्कात. चारही गट सारखे. बुरशी असलेल्या कुंडीत मीठ कमी झालेलं नाही. पात्यांत गेलं ते एवढं थोडं की मीटरला कळतही नाही.

आबा स्वतः बघायला आले होते. ओळीने मांडलेल्या कुंड्या, पुढे आकडे. बराच वेळ कुंडीतली माती चिमटीत घेऊन बघत होते.

“म्हंजे खात न्हाई.”

“नाही. गवताला मिठात खायला घालते, एवढंच.”

“मग मिठाचं काय करायचं ओ?”

“पाण्याने खाली घालवायचं आणि खालून बाहेर काढायचं. दुसरा रस्ता नाही.”

ते त्यांना ठाऊक होतंच. सच्छिद्र पाइप घालून जमिनीखालून निचरा करण्याची कामं याच तालुक्यात झालेली त्यांनी पाहिलीत. अडचण तंत्राची नाही. एकट्याच्या रानात पाइप घालून भागत नाही, पाणी ओढ्याला काढायला खालच्या दोघांच्या रानातून वाट लागते. त्यातल्या एकाशी यांचं बोलणं बंद. दुकानदाराची भुकटी एवढ्यासाठीच गोड वाटली असावी, तिला शेजाऱ्याची सही लागत नाही.

७ जून

पाऊस तोंडावर. रानात जाऊन ठरवलं ते:

डागाच्या मध्यावर काही लावायचं नाही. ईसी ११ ला मारवेल बुरशीसकट मरेल. कडेच्या पट्ट्यात, ७ च्या आसपास, मारवेलचे ठोंब. निम्म्या ओळींत आधी महिनाभर सापळा मातीत मुळं धरलेले, निम्म्या साधे. ठोंब लावताना खुरप्याने खड्डा तेवढा, नांगर नाही, कारण नांगराने मातीतलं तंतूंचं जाळं तुटतं आणि ते परत विणायला वेळ जातो. त्या पट्ट्यात स्फुरद नाही. शेणखत चालेल.

हरळीवरून मात्र वाद झाला. मला ते कडं तसंच हवंय, बुरशीचं बियाणं तिथेच आहे. आबांचं म्हणणं, हरळी ठेवली तर दोन वर्षांत उसात. त्यांचं चूक नाही. शेवटी बांधाकडची एक बाजू माझी, उसाकडच्या तिन्ही बाजू खणून काशा वेचायच्या, असं ठरलं. वहिनींनी चहा देताना विचारलं, बाई गवत वाचवायला आलात का ऊस? आबा हसले, मी चहा प्यायले.

पावसाआधी सापळा माती सावलीत वाळवून पिशव्यांत भरायची, त्यातली थोडी फ्रीजमध्ये. गोवा विद्यापीठात किनाऱ्यावरच्या वाळूतल्या या बुरशींवर बरंच काम झालंय, तिथे बीजाणू ओळखून मिळतील का म्हणून पत्र टाकायचं. ऑक्टोबरात पट्ट्यातली मुळं परत रंगवायची, शाईची बाटली नवी लागेल. खालच्या शेजाऱ्याकडे पाइपच्या वाटेचं बोलायला आबांबरोबर मीही जाणार आहे, कुंड्यांचे फोटो घेऊन.